दूरस्थ संगणक-प्रवेशासाठी सर्व्हर : चिकित्सालय व औषधालय यांच्या दृष्टीने काही विचार

वैद्याचा व्यवसाय एका जागेवरून दोन जागांवर गेला की सर्वप्रथम नोंदी दुभंगतात. विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू. एका वैद्यांचे मुख्य चिकित्सालय सांगलीत आहे, आठवड्यातून दोन दिवस ते तासगावला रुग्ण पाहतात, आणि मिरजेत त्यांच्या कुटुंबाचे आयुर्वेदिक औषधविक्रीचे दुकान आहे. संगणक तिन्ही ठिकाणी आहेत. परंतु तासगावला आलेल्या आमवाताच्या रुग्णाचे मागील तीन वर्षांचे रुग्णपत्रक सांगलीच्या संगणकात असते, सिंहनाद गुग्गुळाचा साठा मिरजेत शिल्लक आहे किंवा नाही हे सांगलीत बसून कळत नाही, आणि दर रविवारी कोणीतरी पेन ड्राइव्हवर माहिती घेऊन या गावाहून त्या गावी जाते. महिन्याभरात कोणती प्रत ताजी आणि कोणती शिळी याचाच उलगडा होत नाही.

दिनांक २२ सप्टेंबर २०२५ रोजी ज्या आयुर्वेदिक औषधांवर वस्तू व सेवा कर १२ टक्के होता, त्यांचा दर ५ टक्क्यांवर आला. ज्यांची औषधसूची तीन संगणकांवर तीन वेगवेगळ्या रूपांत होती, त्यांना तो बदल तीन वेळा करावा लागला. एके ठिकाणी राहून गेला असता तर ग्राहकाला चुकीचे देयक गेले असते. सूची एकाच जागी असती तर हे काम एका रात्री, एकदाच झाले असते.

नोंदी एका जागी ठेवून त्या अनेक गावांतून वापरण्याची जी व्यवस्था आहे, तिची रचना, तिचा खर्च कोठे होतो आणि तिच्यातील धोका कोठे आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. धोक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले आहे. त्याचे कारण असे की, ही व्यवस्था बसवून देणारे तंत्रज्ञ सोयीविषयी भरभरून बोलतात आणि धोक्याचा विषय बहुधा एका वाक्यात उरकतात.

व्यवस्थेचे स्वरूप

या व्यवस्थेत सर्व सॉफ्टवेअर आणि सर्व माहिती एकाच सामर्थ्यवान संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. तासगावच्या टेबलावरील संगणकावर काहीही साठवलेले नसते. तेथे दाबलेली कळ आणि हलवलेला माउस यांची वार्ता सर्व्हरकडे जाते, काम सर्व्हरवर होते, आणि झालेल्या कामाचे चित्र तेवढे तासगावच्या पडद्यावर परत येते. रुग्णपत्रकांचा मूळ संग्रह सांगलीतून हलत नाही. याच कारणाने फारशी वेगवान नसलेली जोडणीही पुरते. देयके, साठा, रुग्णपत्रके अशा अक्षरी कामाला एका व्यक्तीमागे सर्वसाधारणपणे काहीशे किलोबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह पुरेसा होतो. मात्र प्रवाहाच्या वेगापेक्षा विलंब अधिक जाणवतो. कळ दाबल्यावर अक्षर उमटण्यास दोनशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की टंकलेखन करणारा कंटाळतो. म्हणून फायबरची साधी जोडणी मोबाइलच्या जलद जोडणीपेक्षा पुष्कळदा सुखकर ठरते.

एनीडेस्कसारखी साधने अनेकांच्या परिचयाची आहेत. त्यांत आणि या व्यवस्थेत एक मूलभूत भेद आहे. त्या साधनांत आपण समोरच्याचाच पडदा पाहतो आणि त्याचाच माउस हलवतो. एका वेळी काम एकाचेच होते. येथे मात्र सर्व्हर प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र सत्र उघडतो. सांगलीत वैद्य रुग्णपत्रक लिहीत असतात, त्याच क्षणी मिरजेत दुकानातील साहाय्यक देयक करीत असतो, आणि दोघांनाही एकमेकांचा पडदा दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली. २००९ पासून तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस असे नाव आहे. जुने तंत्रज्ञ अजूनही टर्मिनल सर्व्हर असेच म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही.

याच व्यवस्थेचा रिमोटॲप नावाचा एक प्रकार आहे. त्यात संपूर्ण डेस्कटॉप न दिसता केवळ एका सॉफ्टवेअरची खिडकी दिसते. दुकानातील साहाय्यकाला देयकाच्या सॉफ्टवेअरचे चिन्ह दिसते, तो ते उघडतो, आणि ते सांगलीत चालते आहे हे त्याला जाणवतही नाही. साहाय्यकांसाठी हाच प्रकार द्यावा असे माझे मत आहे. संपूर्ण डेस्कटॉप हाती आला की त्यावर गाणी येतात, छायाचित्रे येतात, आणि नको त्या फाइली उघडल्या जातात.

आणखी एक लाभ प्रत्यक्ष वापरातच कळतो. तासगावची वीज मध्येच गेली तर तेथील संगणक बंद पडतो, परंतु सर्व्हरवरील सत्र जिवंत राहते. वीज आल्यावर पुन्हा जोडणी केली की अर्धवट लिहिलेले रुग्णपत्रक जेथे थांबले तेथेच मिळते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जोडणीच तुटली तर शाखेत काहीच काम होत नाही. म्हणून छापील देयक-पुस्तक आणि कोरी रुग्णपत्रके प्रत्येक शाखेत असावीतच, आणि मोबाइलची पर्यायी जोडणी तयार ठेवावी.

ही व्यवस्था सर्वांना हवीच असे नाही. एकच चिकित्सालय, एकच संगणक असलेल्या वैद्यांनी या वाटेला जाऊ नये. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्यांना ब्राउझरमधून वापरण्याजोगी, विक्रेत्याच्याच सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर मिळतात, आणि त्यांच्यासाठी तेच श्रेयस्कर आहे. परंतु ज्यांची दहा-पंधरा वर्षांची माहिती विंडोजवर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते सॉफ्टवेअर ज्यांच्या सवयीचे आहे आणि सोडावयाचे नाही, त्यांना त्याच सॉफ्टवेअरला अनेक गावांत पोहोचविण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

यंत्र, जागा आणि परवाने

सहा ते आठ व्यक्ती एकाच वेळी काम करणार असतील तर आठ गाभ्यांचा प्रोसेसर, ३२ गिगाबाइट स्मृती आणि एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून जोडलेल्या दोन एसएसडी तबकड्या एवढे पुरते. दोन तबकड्यांपैकी एक बिघडली तरी काम चालू राहते. तथापि हे प्रतिबिंब म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका तबकडीवरील फाइल पुसली की दुसरीवरीलही त्याच क्षणी पुसली जाते. हा भेद विक्रेते क्वचितच सांगतात.

जागेचा विचार आपल्या व्यवसायात विशेष केला पाहिजे. चूर्णे दळण्याचे यंत्र ज्या खोलीत चालते तेथे सर्व्हर ठेवू नये. सूक्ष्म चूर्ण पंख्यावाटे आत जाते, थर धरते आणि यंत्र तापू लागते. तैलपाकाच्या भट्टीशेजारची खोलीही टाळावी. कृष्णेकाठच्या वाचकांना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. तळमजल्यावरील यंत्राविषयी त्यांना वेगळे सांगावयास नको. वरचा मजला, कुलूपबंद हवेशीर खोली, आणि वीज गेल्यावर सर्व्हरला आपोआप व्यवस्थित बंद होण्यास अवधी देणारा यूपीएस, एवढे हवेच. घरातील पंखे-दिव्यांसाठीचा इन्व्हर्टर हा यूपीएसला पर्याय नाही, कारण वीज बदलताना होणारा क्षणाचा खंड सर्व्हरला सोसत नाही.

परवान्यांचा भाग किचकट आहे, परंतु फसगत येथेच होते म्हणून तो समजून घ्यावा. विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती घ्यावी लागते, आणि यंत्रात गाभे कितीही कमी असले तरी किमान सोळा गाभ्यांचे मूल्य भरावे लागते. त्यावर प्रत्येक वापरकर्त्यामागे दोन परवाने लागतात: एक सर्व्हर वापरण्याचा आणि दुसरा दूरस्थ सत्राचा. केवळ पहिला घेऊन दुसऱ्याविषयी मौन पाळणारी दरपत्रके पुष्कळ असतात. दूरस्थ सत्राच्या परवान्याविना सर्व्हर १२० दिवस चालतो. त्यानंतर जोडण्या नाकारल्या जातात, आणि तोपर्यंत बसवून देणाऱ्याचे पैसे चुकते झालेले असतात. देखभालीसाठी प्रशासकाला परवान्याविना दोन सत्रे मिळतात खरी, परंतु ती दैनंदिन कामासाठी नाहीत. परवान्याची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीएवढी किंवा तिच्याहून नवी असावी लागते, हेही खरेदीपूर्वी ताडून पाहावे.

दूरस्थ सत्राचे परवाने दोन प्रकारचे आहेत. एक व्यक्तीमागे, दुसरा यंत्रामागे. मिरजेच्या दुकानात एकाच संगणकावर सकाळी एक व संध्याकाळी दुसरा साहाय्यक बसत असेल तर यंत्रामागचा परवाना स्वस्त पडतो. वैद्य स्वतः सांगलीत, तासगावला, घरी आणि प्रवासात चार यंत्रांवरून काम करणार असतील तर व्यक्तीमागचा. एका सर्व्हरवर मात्र एकच प्रकार निवडावा लागतो, म्हणून वैद्यांची यंत्रे अधिक की साहाय्यक अधिक याची आधी मोजदाद करावी. व्यक्तीमागचा परवाना घेतल्यास सर्व्हर डोमेनमध्ये जोडलेला असणे आवश्यक आहे. विंडोज सर्व्हर २०१९ पासून, डोमेनविना केवळ वर्कग्रुपमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवर व्यक्तीमागचे परवाने लावले तर साठ मिनिटांनी सत्र तोडले जाईल अशी सूचना येते आणि ते खरोखरच तुटते. ऐन गर्दीच्या वेळी दर तासाला बाहेर फेकले जाण्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

डोमेन चालविणारे आणि सत्रे देणारे असे दोन सर्व्हर वेगळे ठेवावेत अशी शिफारस आहे, पण त्यासाठी दोन यंत्रे घेण्याची गरज नाही. स्टँडर्ड परवान्यात एकाच यंत्रावर दोन आभासी सर्व्हर चालविण्याचा अधिकार अंतर्भूत आहे. हायपर-व्ही वापरून एकावर डोमेन आणि दुसऱ्यावर सत्रे, अशी मांडणी करावी. हिचा आणखी एक उपयोग होतो. आभासी सर्व्हर म्हणजे मूलतः काही मोठ्या फाइली असतात. यंत्र जळाले तरी त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवून काम पुन्हा सुरू करता येते.

काही तंत्रज्ञ एक स्वस्त युक्ती सुचवितात. साध्या विंडोज ११ प्रो वर एका वेळी एकच सत्र चालते, परंतु त्यातील एक फाइल बदलून अनेक सत्रे मिळवता येतात. ही युक्ती परवान्याच्या अटींचा भंग करणारी आहे. शिवाय मायक्रोसॉफ्टचे अद्ययावतीकरण आले की ती बहुधा निकामी होते. मग ती चालू राहावी म्हणून अद्ययावतीकरणच बंद केले जाते, आणि त्याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी लिनक्सवरील एक्सआरडीपीचा विचार करावा. ते विनामूल्य आहे. मात्र आपले सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी पाहिले पाहिजे, आणि औषधविक्रीची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजसाठीच असतात.

शाखांतील संगणकांवर मात्र फार खर्च करू नये. ते केवळ चित्र दाखवितात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे विंडोज ११ न चालणारी जुनी यंत्रे अडगळीत टाकण्याऐवजी त्यांवर लिनक्स आणि रेमिना हे सॉफ्टवेअर घालून ती अनेक वर्षे वापरता येतात.

दार कोठे ठेवावे

दूरस्थ सत्रासाठी सर्व्हर ३३८९ या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. सांगलीतील सर्व्हर तासगावहून दिसावा यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे राउटरमध्ये हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडणे. पाच मिनिटांत काम होते, तासगावला चित्र दिसते, सर्व संतुष्ट होतात. परंतु ते पोर्ट ज्याप्रमाणे तासगावला दिसते त्याचप्रमाणे साऱ्या जगाला दिसते. इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्यावर कोणते पोर्ट उघडे आहे याची स्वयंचलित तपासणी अहोरात्र चालू असते. असे पोर्ट सापडले की ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘यूजर’ अशा नावांवर हजारो संकेतशब्द लावून पाहिले जातात. हे काम माणसे करीत नसून यंत्रे करतात. त्यामुळे माझे छोटेसे चिकित्सालय कोणाच्या डोळ्यावर येणार, हा विचार येथे लागू पडत नाही. ३३८९ ऐवजी दुसरा क्रमांक ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. त्याने विलंब होतो, संरक्षण होत नाही.

संकेतशब्द कितीही कठीण असला तरी सॉफ्टवेअरमध्येच छिद्र असेल तर तो निरुपयोगी ठरतो. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने दूरस्थ सत्राच्या सेवेतील एक गंभीर दोष जाहीर केला, जो पुढे ब्लूकीप या नावाने ओळखला गेला. संकेतशब्द न देताच बाहेरून यंत्राचा ताबा घेता येईल असा तो दोष होता. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांवर त्याचा परिणाम होत होता. आधार केव्हाच संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे. ज्यांनी अद्ययावतीकरण बंद केले होते त्यांचे सर्व्हर त्या दुरुस्तीला मुकले.

आत शिरल्यावर काय होते? सर्व फाइली सांकेतिक केल्या जातात आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली जाते. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या हॅनकॉक या रुग्णालयावर असा प्रसंग आला. हल्लेखोर दूरस्थ प्रवेशाच्या दारानेच आत आले, आणि तेही एका बाहेरच्या पुरवठादाराला दिलेल्या खात्याचे नाव व संकेतशब्द वापरून. रुग्णालयाने चार बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ५५ हजार डॉलर दिले. रुग्णालयाकडे राखीव प्रती होत्या, परंतु पुष्कळशा प्रणालींच्या प्रती हल्लेखोरांनी आधीच नासविल्या होत्या, असे नंतर निदर्शनास आले. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे बाह्यरुग्ण विभागाचे काम हाताने कागदावर करावे लागले. संगणकीय जाळ्याचे विभाग योग्य प्रकारे वेगळे केलेले नव्हते, असे कारण शासनाने संसदेत दिले. एम्सकडे मनुष्यबळ आहे, ते सावरले. आपल्यापैकी एखाद्याची वीस वर्षांची रुग्णपत्रके, प्रकृतिपरीक्षणाच्या नोंदी, कोणत्या रुग्णाला कोणता कल्प कोणत्या मात्रेत लागू पडला याचा अनुभव एका रात्रीत अवाच्य झाला, तर तो पुन्हा लिहून काढणारे कोणीही नाही.

निदानपरिवर्जन हा शब्द वैद्यवर्गाला समजावून सांगण्याची गरज नाही. येथील हेतू म्हणजे ते उघडे पोर्ट. ते उघडूच नये.

त्याऐवजी व्हीपीएन वापरावे. सांगलीच्या राउटरवर किंवा एखाद्या लहान यंत्रावर वायरगार्ड बसवावे आणि प्रत्येक शाखेच्या संगणकाला त्याची स्वतंत्र किल्ली द्यावी. किल्ली असलेल्या यंत्रालाच सांगलीच्या आतल्या जाळ्यात प्रवेश मिळतो, आणि तेथून पुढे तो सर्व्हरपर्यंत जातो. किल्लीविना आलेल्या विचारणेला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे शोध घेणाऱ्या यंत्रांना तेथे काही आहे हेही कळत नाही. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ३३८९ केवळ आतील जाळ्यासाठी आणि व्हीपीएनमधून येणाऱ्या पत्त्यांसाठी खुला ठेवावा. साहाय्यकाने नोकरी सोडली किंवा लॅपटॉप हरवला तर त्या एका यंत्राची किल्ली रद्द करावी; इतरांना त्याचा त्रास होत नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. अनेक इंटरनेट सेवादार आता ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. अशा वेळी बाहेरून सांगलीपर्यंत पोहोचता येत नाही. सेवादाराकडे स्थिर पत्त्याची मागणी करावी, त्यासाठी वेगळे शुल्क पडते. ते शक्य नसेल तर टेलस्केलसारखी सेवा वापरावी. ती वायरगार्डवरच आधारलेली आहे आणि अशा सामाईक पत्त्यामागूनही जोडणी करून देते.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा उपाय म्हणजे रिमोट डेस्कटॉप गेटवे. त्यात सर्व वाहतूक ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, प्रमाणपत्राच्या आधारे सांकेतिक होऊन जाते. मोठ्या संस्थांसाठी तो योग्य आहे. परंतु गेटवे स्वतः इंटरनेटला सामोरा असतो, त्याचे प्रमाणपत्र वेळोवेळी नवे करावे लागते, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. तीन जागांच्या व्यवसायाला व्हीपीएन पुरते.

यानंतरच्या गोष्टी लहान आहेत, पण सोडू नयेत. सत्र उघडण्यापूर्वीच ओळख पटविणारी एनएलए नावाची सोय चालू ठेवावी. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद व्हावे. प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे खाते असावे. ‘काउंटर’ नावाचे एकच खाते सर्वांनी वापरले तर साठ्यातील फरक कोणाच्या हातून झाला हे कधीच कळत नाही. दैनंदिन काम प्रशासकाच्या खात्यातून कोणीही करू नये, आणि ‘कोणीही’ या शब्दात मालकही आले. शाखेच्या संगणकातील तबकड्या सत्रात दिसण्याची सोय बंद ठेवावी, अन्यथा तासगावच्या पेन ड्राइव्हवरील विषाणूला सांगलीची वाट मिळते.

छपाई आणि देवनागरी

सर्व काही बसवून झाल्यावर पहिली तक्रार येते ती छपाईची. सॉफ्टवेअर सांगलीत चालते, मात्र देयक मिरजेच्या मुद्रकावर निघाले पाहिजे. त्यासाठी शाखेचा मुद्रक सत्रात आपोआप दाखविला जातो आणि त्याचा चालक सर्व्हरवर नसला तरी ईझी प्रिंट नावाची सोय काम भागविते. लेझर मुद्रकांवर हे उत्तम चालते. दुकानांत अजूनही असलेल्या डॉट मॅट्रिक्स मुद्रकांवर मात्र अक्षरांऐवजी चित्र छापले जाऊ लागते. एका देयकाला अर्धा मिनिट लागतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. अशा वेळी त्या मुद्रकाचा मूळ चालक सर्व्हरवर घालावा आणि ईझी प्रिंटला प्राधान्य देण्याचे धोरण बंद करावे. औषधाच्या डब्यांवरील लेबलांच्या थर्मल मुद्रकांनाही हाच उपाय लागू पडतो. बारकोड वाचणारी यंत्रे बहुतांशी कळफलकासारखी वागतात, ती काहीही न करता चालतात.

देवनागरीची अडचण दुहेरी आहे. रुग्णपत्रके युनिकोडमध्ये लिहिली जात असतील तर प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात सर्व्हरवर मराठी कळफलक जोडला की काम होते. पण पुष्कळ जुनी रुग्णपत्रके श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट शाखेच्या संगणकावर असून उपयोग नाही, सर्व्हरवर असावे लागतात. ते नसतील तर ‘रास्नासप्तक’ लिहिलेल्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि माहिती बिघडली असा समज होतो. माहिती शाबूत असते. तथापि अशा फॉन्टमधील मजकूर शोधता येत नाही, हा त्यांचा मूळ दोष सर्व्हर आल्यानेही जात नाही. स्थलांतराच्या निमित्ताने जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेता आला तर अवश्य घ्यावा.

राखीव प्रती आणि कायदा

सर्व नोंदी एका जागी आणल्या म्हणजे सर्व जोखीमही एका जागी आणली. म्हणून मूळ माहिती धरून तिच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक यंत्रापासून पूर्णतः विलग असावी. विंडोज सर्व्हरमध्ये राखीव प्रत घेण्याची सोय अंगभूत आहे. ती रोज रात्री एका जोडलेल्या तबकडीवर प्रत घेईल अशी योजावी. त्याशिवाय दोन बाह्य तबकड्या घ्याव्यात. एका आठवड्यात एक जोडलेली, दुसरी घरी कपाटात. पुढील आठवड्यात अदलाबदल. हॅनकॉकच्या उदाहरणावरून हे लक्षात येईल की, जी प्रत सतत जोडलेली असते ती हल्लेखोराच्याही हाती असते. कपाटातील तबकडीला कोणी इंटरनेटवरून हात लावू शकत नाही. पुरात मात्र ते कपाटही तळमजल्यावर नसावे.

प्रत घेतली जाते एवढ्यावर समाधान मानू नये. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून एखाद्या दुसऱ्या यंत्रावर सर्व्हर प्रत्यक्ष उभा करून, एखाद्या रुग्णाचे पत्रक उघडून पाहावे. याला किती तास लागले ते लिहून ठेवावे. प्रसंग आला तर दवाखाना किती वेळ कागदावर चालवावा लागेल, हे त्या आकड्यावरून कळते.

कायद्याची बाजूही आता दुर्लक्षिता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती राखणाऱ्यावरील बहुतांश बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संगणकात रुग्णाची माहिती ठेवणारा वैद्यही या कायद्याच्या दृष्टीने माहितीचा विश्वस्त ठरतो. तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती फुटल्यास ज्याची ती माहिती आहे त्यालाही कळवावे लागते. ज्यांचे रुग्णालय वा औषधनिर्मिती कंपनीच्या स्वरूपात आहे त्यांच्यासाठी सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. अशा घटनेची वार्ता लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते.

प्रारंभ करताना तिन्ही ठिकाणे एकदम जोडू नयेत. प्रथम मुख्य चिकित्सालयातीलच दोन संगणक सर्व्हरवर आणावेत आणि छपाई, फॉन्ट, कळफलक यांच्या तक्रारी तेथेच निस्तराव्यात. मग दुकान जोडावे. आठवड्यातून दोनच दिवस चालणारी शाखा शेवटी. जुने संगणक या काळात पुसू नयेत, परंतु त्यांवर नवी नोंदही करू देऊ नये. अन्यथा दुभंगलेल्या नोंदी पुन्हा नव्याने सुरू होतात. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडून काम पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: परवान्यांची मूळ कागदपत्रे आपल्या नावावर, राउटर व सर्व्हरच्या प्रशासक खात्यांची माहिती, आणि बाहेरून कोणकोणती पोर्ट उघडी आहेत त्याची यादी. त्या यादीत ३३८९ दिसले तर शेवटचा हप्ता राखून ठेवावा. देखभालीसाठी त्याला दिलेले खाते काम नसेल तेव्हा बंद ठेवावे आणि त्याने दूरध्वनी केल्यावर, तेवढ्या वेळेपुरतेच, उघडून द्यावे.